डॉ. लागूंना हिंदी सिनेमाने वाया घालवलं का?

गोदाकाठ
माझं मत स्पष्ट आहे: घालवलं. डॉ. श्रीराम लागू म्हणजे आफ्रिकेतली डॉक्टरकी सोडून १९६९ साली पूर्णवेळ नट झालेला माणूस. त्यांच्याबद्दल आपल्याला जास्त लागतं याचं कारण नाशिक. सुरुवात केली ती कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ने, पुढच्याच वर्षी शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’, मग पुन्हा कानेटकरांचं ‘हिमालयाची सावली’. तिन्ही नाटकं आपल्या गावात राहणाऱ्या माणसांनी लिहिलेली.
‘पिंजरा’तले गुरुजी आठवा. गावाला शिस्त लावणारा माणूस तमाशाच्या फडात येऊन पडतो आणि कुत्र्याबरोबर एका ताटात जेवतो. तिथे लागू कुठेही कीव मागत नाहीत, म्हणून तो प्रसंग बघवत नाही. अशा नटाला हिंदीवाल्यांनी काय दिलं? न्यायाधीशाचा झगा, डॉक्टरची बॅग, नाहीतर नायिकेचा बाप. दोन प्रसंग आणि संपलं.

सिडकोवाला
दादा, नाटकाच्या पैशांवर घर चालतं का, हे आधी सांगा. मी हौशी रंगभूमीवर काम करतो. कालिदास नाट्यगृहात एक प्रयोग लावायचा तर भाडं, लाईट, सेटचा टेम्पो, सगळं जमवताना घाम फुटतो. हिंदीत नाव आणि पैसा मिळाला म्हणूनच लागूंना हवी ती नाटकं करता आली. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ गल्ला भरायला कोणी करत नाही. प्राध्यापकाची चौकशी आणि वैचारिक वाद, त्यात टाळ्यांच्या जागा कुठे आहेत? ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये सॉक्रेटिस उभा केला तेव्हा वय सत्तरीच्या पुढे होतं. ज्याची ताकद वाया गेली तो त्या वयात एवढं पाठांतर घेऊन रंगमंचावर येत नाही.

मखमलाबादची
मला मूळ प्रश्नच पटत नाही. ‘नायक होते, चरित्र अभिनेते झाले’ म्हणताना आपण उतरण धरून चालतो. त्यांचा जन्म १९२७चा. ‘नटसम्राट’ आला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते आणि भूमिका निवृत्त म्हाताऱ्याची. झाडामागे गाणी म्हणणारे नायक ते कधी नव्हतेच.
आणि ‘घरौंदा’ विसरलात? एका जोडप्याला घर घेता येईना म्हणून प्रियकरच सुचवतो की तिने तिच्या ऑफिसच्या आजारी, श्रीमंत मालकाशी लग्न करायचं, तो काही फार जगायचा नाही. तो मालक म्हणजे लागू. आपण त्याच्या मरणाची वाट बघायला बसतो आणि हळूहळू त्याच्याच बाजूने होतो. फिल्मफेअर मिळालं ते सहायक अभिनेत्याचं, पण सगळा तोल त्यांच्यावर आहे.

गोदाकाठ
ताई, ‘घरौंदा’ मान्य. पण असे किती? बोटांवर मोजता येतील. ‘सामना’त दारूडा मास्तर ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ विचारत गावभर फिरतो आणि निळूभाऊंच्या हिंदुरावाची झोप उडते. त्या तोडीचा एक तरी प्रश्न हिंदीतल्या कुठल्या लेखकाने त्यांच्या तोंडी घातला?

जुनं नाशिक
मृणाल सेन यांचा ‘एक दिन अचानक’ (१९८९) बघा. एक प्राध्यापक पावसात घराबाहेर पडतो आणि परत येत नाही. मागे राहिलेली बायकोमुलं त्याच्याबद्दल बोलत राहतात, एवढीच गोष्ट. लागू पडद्यावर थोडा वेळ, पण ते नसतानाही घरभर जाणवतात. दोन प्रसंग मिळाले म्हणजे नट संपला, हा हिशोब मला मान्य नाही. ‘गांधी’तले गोखले तरी किती वेळ आहेत? लक्षात राहतातच ना!
माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती आपल्यावर आहे. ‘सिंहासन’मधला त्यांचा दाभाडे घ्या. मुख्यमंत्र्याची खुर्ची ओढायला निघालेला अर्थमंत्री. बोलण्यात सभ्यपणा आणि डोक्यात सतत आकडेमोड. अशा भूमिका मराठी सिनेमाने नंतर किती लिहिल्या? घरात ताट वाढलं नाही आणि शेजाऱ्याकडे जेवला म्हणून नाव ठेवायचं, हे बरोबर नाही.

सिडकोवाला
+१. शेवटचा परिच्छेद शंभर टक्के.

गोदाकाठ
मराठीने कमी लिहिलं हे खरं, त्यावर वाद नाही. पण त्याने हिंदीचा दोष कमी होत नाही. त्यांच्याकडे पैसा होता, मोठे दिग्दर्शक होते, आणि समोर ‘नटसम्राट’मधला बेलवलकर केलेला नट उभा होता. तरी झगाच दिला. ‘एक दिन अचानक’ पुन्हा बघतो, पण मत बदलेल असं वाटत नाही.

मखमलाबादची
बघा आणि इथेच लिहा. तोवर मी ‘घरौंदा’ सोडणार नाही.