फुटरचा सेव्ह केलेला ब्लॉक बदलला, पण काही टेम्प्लेटमध्ये जुनाच दिसतोय

मेलवाली:
नमस्कार मंडळी. ईमेलच्या ड्रॅग अँड ड्रॉप एडिटरमध्ये न्यूजलेटर बनवते, या कामाला मी एकटीच आहे. लोगो, पत्ता, सोशल मीडियाचे आयकॉन, अनसबस्क्राइबची लिंक असा मेलच्या तळाशी येणारा फुटर एकदा नीट बसवून लायब्ररीत सेव्ह केला होता आणि तेव्हापासून तोच ओढून टाकतेय. आता ऑफिसचा पत्ता बदलला. आधी एका टेम्प्लेटमध्येच फुटर उघडून पत्ता बदलला, मला वाटलं सगळीकडे बदलेल, तर बाकी कुठेच काही नाही. मग लायब्ररीत जाऊन मूळ ब्लॉक बदलला तर उरलेल्या २२ पैकी १३ मध्ये नवीन पत्ता आला आणि ९ मध्ये जुनाच राहिला. दिसायला सगळे फुटर अगदी सारखे आहेत, मग असं का होतंय? नऊ हाताने बदलेन हो, पण पुढच्या वेळी परत तेच. शिवाय उद्या सकाळचा एक मेल शेड्यूल करून ठेवलाय, त्यात कुठला पत्ता जाणार ते कळेना. आणि गेल्या आठवड्यात गेलेल्या मेलमध्ये काही करता येतं का?

पिक्सेलप्रेमी:
ताई, एडिटर बिघडलेला नाही, तुमच्याकडे दोन जातीचे ब्लॉक झालेत. एक असतो मुळाशी जोडलेला, म्हणजे सिंक होणारा. मूळ बदललं की तो जिथे जिथे वापरलाय तिथे बदलतो. दुसरा म्हणजे नुसती कॉपी, तो लायब्ररीतून ओढला त्या क्षणी सुटा झाला, मुळाशी त्याचा संबंधच उरत नाही. बऱ्याच एडिटरमध्ये सेव्ह करताना किंवा ओढताना हा पर्याय एका छोट्या टिकमध्ये असतो आणि घाईत कोण बघतंय. काही ठिकाणी जोडलेला ब्लॉक आपण जागेवरच एडिट करायला गेलो की तो गुपचूप सुटा होतो, तुमच्या पहिल्या टेम्प्लेटचं तेच झालं असणार.

ओळखायचं कसं तर ब्लॉकवर एकदा क्लिक करून कडेची चौकट बघा. जोडलेला असेल तर चौकटीचा रंग वेगळा असतो किंवा साखळीसारखं चिन्ह दिसतं, आणि एडिट करायला गेलं की 'सगळीकडे बदलायचं की फक्त इथे' असं विचारतो. सुटा असेल तर काहीच विचारत नाही, सरळ टाइप करू देतो. नऊ टेम्प्लेटमध्ये नुसता पत्ता बदलू नका, जुना फुटर पूर्ण काढा आणि लायब्ररीतून जोडलेला परत टाका, म्हणजे हे एकदाच करावं लागेल.

नावांमुळेही हा गोंधळ होतो. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसमध्ये आधी 'रीयूजेबल ब्लॉक' म्हणायचे, २०२३ मध्ये ६.३ व्हर्जनपासून त्यालाच 'सिंक्ड पॅटर्न' म्हणायला लागले. डिझाइनच्या फिग्मा टूलमध्ये मूळ म्हणजे कंपोनंट, वापरलेला तो इन्स्टन्स, आणि तोडायचा असेल तर डिटॅच. मला हे नाव बदलणं पटलं, कारण 'परत वापरता येणारा' एवढ्यावरून तो मुळाशी जोडलेला आहे की नाही काहीच कळत नाही.

रात्रपाळी:
शेड्यूलचं मी सांगतो कारण मी त्यात पोळलोय. काही सिस्टीम शेड्यूल केलं त्या क्षणाचा एचटीएमएल, म्हणजे मेलचा कोड, धरून ठेवतात, काही मेल निघताना ताजा बनवतात. आपली कुठली ते अंदाजाने ठरवू नका. उद्याचा मेल आत्ताच पॉज करा, उघडा, फुटर बघा, स्वतःला एक टेस्ट पाठवा आणि परत शेड्यूल करा. माझ्याकडे उलटं झालं होतं, सेलसाठी जोडलेल्या हेडरमध्ये 'आजच शेवटचा दिवस' लिहिलं आणि तोच हेडर ऑटोमेशनमधल्या वेलकम मेलमध्येही होता, मग नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच मेलमध्ये शेवटचा दिवस दिसत राहिला. चार दिवसांनी एकाने रिप्लाय करून विचारलं तेव्हा कळलं. तेव्हापासून सेव्ह दाबायच्या आधी 'हा ब्लॉक कुठे कुठे वापरलाय' ती यादी उघडतो, आणि एडिटर ती देत नसेल तर स्वतःची एक शीट ठेवतो.

गेलेल्या मेलचं म्हणाल तर मजकूर बदलणार नाही, तो समोरच्याच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडलाय. फक्त इमेज सर्व्हरवरून येते, त्यामुळे त्याच लिंकवरची इमेज बदलली तर काहींना नवी दिसू शकते, पण जीमेल इमेज स्वतःच्या प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, दाखवतं आणि साठवून ठेवतं, तेव्हा त्यावर विसंबू नका.

साधाकोड:
वरचं सगळं बरोबर, माझं म्हणणं एवढंच की सगळंच जोडून टाकू नका. पत्ता, अनसबस्क्राइब, कायदेशीर ओळी हे जोडलेलंच हवं. पण ऑफरचा बॅनर, बटण, तारीख असलेलं काहीही सुटंच बरं. खास करून बटण, कारण त्याच्या लिंकमध्ये यूटीएम टाकलेला असतो, म्हणजे क्लिक कुठल्या कॅम्पेनमधून आला ते सांगणारी लिंकच्या शेवटची खूण. जोडलेल्या ब्लॉकमध्ये एका कॅम्पेनचं नाव लिहिलं की पुढच्या सगळ्या मेलचे क्लिक त्याच नावावर जमा होतात आणि रिपोर्ट बघताना कुणाला पत्ता लागत नाही. कॅम्पेनचं नाव सिस्टीमला आपोआप जोडू द्या.

अजून एक, नवीन पत्ता वर्डमधून कॉपी करून आणला असेल तर 'फॉरमॅटिंगशिवाय पेस्ट' वापरा. वर्डचा कचरा कोड ब्लॉकमध्ये शिरला की तो प्रत्येक मेलमध्ये जातो. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं आणि कापला जातो तो खालचा भाग, म्हणजे नेमका तुमचा फुटर, अनसबस्क्राइबसकट. वैतागलेल्या माणसाला ती लिंक सापडली नाही तर तो सरळ स्पॅम दाबतो, ते जास्त महागात पडतं.

मेलवाली:
मनापासून आभार सगळ्यांचे. चौकटी बघितल्या, नऊच्या नऊ सुटे निघाले. त्यातले सात मी बाहेरून एचटीएमएल इम्पोर्ट करून बनवले होते, म्हणजे तिथे फुटर लायब्ररीतून आलाच नव्हता, आत्ता लक्षात आलं. उद्याचा मेल पॉज करून बघितला तर त्यात जुना पत्ता धरून ठेवलेला होता, ब्लॉक परत टाकून टेस्ट पाठवली, मोबाइलवर आणि आउटलुकवर दोन्हीकडे नीट आली. पहिलं टेम्प्लेटही परत जोडून घेतलं. मात्र फुटरमधल्या 'वेबसाइट बघा' बटणात मार्चमधल्या कॅम्पेनचा यूटीएम सापडला साधाकोड, तो १३ ठिकाणी गेलाय. आत्ता काढतेय.