दुकानातल्या इग्वानासाठी मदत हवी आहे (सोलापूर)

नमस्कार मंडळी. काल लेकीसोबत माशांचं खाद्य आणायला इथल्या एका दुकानात गेलो होतो. काउंटरशेजारी माशांच्या रिकाम्या टाकीत हातभर लांबीचा हिरवा इग्वाना (परदेशी सरडा) ठेवलेला. शेपूट मावत नाही म्हणून दुमडलेली, पाण्याची वाटी कोरडी ठणठणीत, बोटांवर अर्धवट निघालेली कात. वर पत्रा, बाहेर ४२ अंश. सावलीला सरकायला कोपरासुद्धा नाही! चढायला फांदी नाही, यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा) नाही. या दिव्याशिवाय किंवा थेट उन्हाशिवाय त्यांना कॅल्शियम पचत नाही, हाडं मऊ पडतात. मालक म्हणाले, "काही होत नाही, काकडी खातो."

२०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे लागते. शिवाय इग्वाना साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, म्हणजे पाळणाऱ्यालाही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. दुकानात प्रमाणपत्र कुठे दिसलं नाही.

सोलापुरात तक्रार आधी कुणाकडे करावी, पशुसंवर्धन खात्याकडे की वनविभागाकडे? कुणी केली आहे का? आणि सरपटणारे प्राणी तपासणारे पशुवैद्य इथे आहेत का, की पुणंच गाठावं लागेल? विकत घेऊन सोडवायचा मोह होतोय, पण मग त्या टाकीत दुसरा येणार. कृपया लवकर सांगा, उन्हाळा वाढतोय.