घारीपासून छोट्या कुत्रीला कसं सांभाळावं? मागचं अंगण, बजेट ३ हजार (बडोदा)

चिमीची_आई
नमस्कार मंडळी. आमचं मांजलपूरला रो-हाउस आहे. मागे साधारण १२ बाय १५ फुटांचं अंगण, तीन बाजूंनी कंपाउंडची भिंत, वर मोकळं. चिमी आमची पॉमेरेनियन, दीड वर्षाची, वजन २ किलो २०० ग्रॅम. शेजारच्या सोसायटीतल्या नीलगिरीवर घारीचं घरटं आहे आणि उत्तरायण झाल्यापासून घार आमच्या अंगणावर फारच खाली येते. परवा चिमी दहीभात खात असताना तिने झडप घातली. पाठीवर नखांचे दोन ओरखडे आलेत. डॉक्टरांना दाखवलं, जखम वरवरची आहे. पण चिमी आता उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही, आणि मलाही तिला एकटी सोडवत नाही.

वर काय लावावं? जाळी, शेडनेट की दोऱ्या? बजेट ३ हजार, त्याच्या वर आत्ता खरंच शक्य नाही. आणि पक्ष्यांना इजा होईल असं काही नको.

विनू_वाघोडिया_रोड
जाळी लावा, दुसरा विचारच करू नका. मी मागच्या चौकात ॲल्युमिनियमची फ्रेम आणि वर स्टीलची जाळी करून घेतली आहे. २२ हजार झाले, पण आता घार, कावळा, मांजर, कोणी फिरकत नाही. आमचे दोन्ही शिट्झू दिवसभर मोकळे असतात. खर्च एकदाच होतो, वीस वर्षं बघायला नको. काम करणाऱ्याचा नंबर हवा तर निरोप टाका.

अलका_कारेलीबाग
विनूभाई, त्यांनी ३ हजार लिहिलंय.

चिमीची आई, आम्ही बाल्कनीला कबुतरांसाठी नायलॉनची जाळी बसवून घेतली, फिटिंगसकट २० रुपये फूट. तुमचं अंगण १८० चौरस फूट, म्हणजे ३६०० झाले. थोडी घासाघीस करा, ३ हजारांत बसेल.

सुधीरकाका_दांडिया_बाजार
माझं वय ७१, जन्म बडोद्याचा. खंडेराव मार्केटच्या वर घारी घिरट्या घालतात त्या लहानपणापासून बघतो आहे. हातातला मटणाचा पुडा नेलेला पाहिलाय, कोंबडीचं पिल्लू नेलेलं पाहिलंय, पण घारीने कुत्रं उचललं असं या गावात मी कधी ऐकलं नाही. पोरी, घाबरू नकोस. ती कुत्री न्यायला आली नव्हती, ताटलीतल्या भातावर आली होती. बाहेर खायला घालणं बंद कर, एक पैसा लागणार नाही.

पगलूचे_बाबा
काका, तुमच्या काळी असे दोन-दोन किलोचे कुत्रे कोणाकडे होते? तेव्हा सगळीकडे अल्सेशियन आणि गावठी.

मी माझ्या चिवावाला अमेरिकेहून काटेरी जॅकेट मागवलं आहे. पाठीवर प्लास्टिकचे कडक काटे, मानेला वेगळी पट्टी. भाच्याने आणलं म्हणून ९ हजारांत पडलं. घार बसूच शकत नाही. अंगणाला काहीही करायची गरज नाही, कुत्र्याला संरक्षण द्या, तो जाईल तिथे ते सोबत जातं.

रोहिणी_गोत्री
मे महिन्यात बडोद्यात पारा ४३-४४ ला जातो. त्यात पॉमेरेनियनला, एवढे केस असलेल्या जिवाला, जॅकेट घालायचं? धापा टाकून मरेल हो ती. तुमचा चिवावा आखूड केसांचा असेल. आमच्या पॉमला तर साधा हार्नेससुद्धा उन्हाळ्यात सहन होत नाही.

आणि खरं सांगू? या शहरात छोट्या कुत्र्याला घारीपेक्षा रस्त्यावरच्या कुत्र्यांची भीती जास्त आहे. आमच्या सोन्याला गेटच्या फटीतून ओढलं होतं. आधी गेट खालून बंद करा.

समा_सावली
घारीचं काय घेऊन बसलात. आम्ही समाला, विश्वामित्री नदीच्या जवळ राहतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या गल्लीत मगर होती. वनखात्याच्या लोकांनी दोर टाकून पकडली तेव्हा सगळी सोसायटी गच्चीत उभी होती. तेव्हापासून पावसाळ्यात आमचा डॅशंड मागच्या दारी जातच नाही. भिंत किती उंच आहे तुमची? खाली पाणी जायची मोरी किती रुंद आहे?

अलका_कारेलीबाग
मांजलपूरच्या बाईंनी घारीचं विचारलंय हो. मगरीचा वेगळा धागा काढा, मीही लिहीन तिथे, आमच्याकडेही आली होती.

कीर्ती_म
जुन्या सीडी टांगा. शेतात लावतात ती चमकती पट्टीही मिळते, रोल फार महाग नसतो. आम्ही लावली होती, सुरुवातीला घार अगदी वळून जायची. मग सरावली, आणि एकदा तर त्याच दांडीवर येऊन बसली. प्लास्टिकच्या घुबडाचंही तेच झालं. तरी फुकटात होतं म्हणून सांगते.

मकरपुरा_मनोज
स्वस्तात काम हवं असेल तर मासे पकडायची नायलॉनची दोरी आणा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत फूट-फूट अंतराने ताणा. ती दिसत नाही, म्हणून घार एकदा आपटली की परत येत नाही. ३०० रुपयांत सगळं अंगण.

हर्षल_पाखरं
मनोजभाई, हे कृपा करून कोणी करू नका. न दिसणारी दोरी म्हणजेच मांजा. उत्तरायणात पंख कापलेल्या पाखरांसाठी आम्ही रात्र-रात्र बसतो. २०१७ मध्ये हरित लवादाने नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी आणली ती याच कारणासाठी. घार तिथे आपटून शहाणी होत नाही, तिचा पंख तुटतो आणि ती मरते. ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये इजा नको म्हटलंय.

आता मूळ प्रश्न. सुधीरकाका म्हणतात ते बरोबर आहे. घार पंख पसरली की दीड मीटरच्या आसपास दिसते, पण वजन ६०० ग्रॅम ते किलोभर. सव्वादोन किलोची चिमी तिला उचलता येणार नाही. ती मुळात मेलेलं, टाकलेलं उचलणारी. फार तर उंदीर, सरडे, पाखरांची पिल्लं. इंटरनेटवर जे व्हिडिओ येतात ते बहुतेक अमेरिकेतले, तिथले पक्षी वेगळे आणि अंगणंही वेगळी. पण उचलता येत नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे. नख डोळ्याला लागू शकतं. आणि दीड-दोन महिन्यांचं, अर्धा किलोच्या आतलं पिल्लू असेल तर ते मात्र उघड्यावर एक मिनिटही सोडू नये.

तुमच्याकडे दोन गोष्टी एकत्र आल्यात. एक म्हणजे खाणं. दुसरी म्हणजे घरटं. आपल्याकडे घारीचा विणीचा काळ साधारण जानेवारी ते एप्रिल. घरट्याखालून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावरही ती या दिवसांत झेपावते. अंडी उबवायला महिनाभर, पुढे पिल्लं उडायला दीड ते दोन महिने. तेवढा काळ काढला की ती अशी अंगावर येणार नाही.

घरटं पाडायचा सल्ला अजून कोणी दिला नाही, पण देणारे भेटतील. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि पिल्लं हकनाक मरतात.

जाळी लावायचीच असेल तर जाड दोऱ्याची, पांढरी किंवा ठळक दिसणारी घ्या आणि ढोलकीच्या पुडीसारखी ताणून बांधा. सैल, बारीक, काळी जाळी नको. खाली जमिनीवर तर लोंबूच देऊ नका. हरणीजवळच्या एका बंगल्यात जाळीच्या खालच्या झोळात धामण अडकली होती. तिने जितकं अंग ओढलं तितका दोरा खवल्यांखाली रुतत गेला, शेवटी नखं कापायच्या कात्रीने एकेक फास कापावा लागला. कोणी जखमी प्राणी-पक्षी दिसला तर गुजरातेत १९६२ या हेल्पलाइनला फोन करा.

पगलूचे_बाबा
जॅकेटचे काटे पक्ष्याला लागत नाहीत, बोथट असतात. हे कोणी लक्षातच घेत नाही.

मंजिरी_अलकापुरी
मीही जाळीच म्हणेन. पण त्याआधी रेबीजचं इंजेक्शन द्या. नखांचे ओरखडे आहेत ना? आमच्या डॉक्टरांनी मांजराच्या ओरखड्यालाही दिलं होतं.

हर्षल_पाखरं
मंजिरीताई, रेबीज सस्तन प्राण्यांकडून होतो, घारीकडून होत नाही. चिमीचं वर्षाचं नेहमीचं इंजेक्शन झालेलं असलं की पुरे. काळजी वेगळी घ्या. घारीचं नख बारीक आणि खोल जातं, वरची कातडी पटकन मिटते आणि आत पू होतो. केसांमुळे दिसतही नाही. रोज केस बाजूला करून बघा, जागा गरम लागली, सुजली किंवा हात लावू देईना तर लगेच डॉक्टरांकडे. डोळ्याजवळ लागलं तर वाट बघू नका. मोठ्या दुखापतीला आणंदचं व्हेटरनरी कॉलेजही फार लांब नाही.

मंजिरी_अलकापुरी
आमचे डॉक्टर तीस वर्षं प्रॅक्टिस करतात. इंजेक्शन दिलेलं कधी वाईट नसतं.

विनू_वाघोडिया_रोड
इंजेक्शनाला ४०० रुपये, परत परत डॉक्टरांकडे जायचं, त्यापेक्षा एकदाच फ्रेम करा.

चिमीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या जणांनी लिहिलं, खूप धीर आला.

काही गोष्टी सांगते. जखम रोज बघते आहे, सुकत आली आहे. चिमीचं इंजेक्शन झालेलं आहे. जमीन भाताचे कण राहणार नाहीत अशी धुवून काढली, ताटली आता स्वयंपाकघरात असते. पण हर्षलभाईंचं वाचल्यावर मी दोन दिवस मुद्दाम गच्चीत उभी राहून बघितलं. घार आमच्याकडे यायच्या आधी मागच्या घराच्या गच्चीवर जाते. तिथले आजोबा रोज सकाळी साडेआठला कठड्यावर मटणाचे तुकडे ठेवतात. तिथून उडाली की आमचं अंगण बरोबर तिच्या वाटेत येतं.

आणि घर भाड्याचं आहे. मालक भिंतीत खिळा ठोकू देत नाहीत.

अलका_कारेलीबाग
हे आधी सांगायचं ना! मी फिटिंगवाल्याला विचारूनसुद्धा ठेवलं होतं.

सुधीरकाका_दांडिया_बाजार
त्या आजोबांशी भांडू नकोस. घारीला घालणं कितीतरी लोक पुण्याचं मानतात. जाऊन नमस्कार कर, कुत्रीची पाठ दाखव आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा म्हणून सांग. म्हातारा माणूस ऐकतो.

रोहिणी_गोत्री
भाड्याचं घर असेल तर स्टँडवरची जाळी करा. बादलीत सिमेंट भरून त्यात पाइप उभे करायचे, भिंतीला हात लावायला नको. आमच्या नणंदेने असंच केलंय.

कीर्ती_म
+१ बादली आणि पाइप. वर जाळी.

विनू_वाघोडिया_रोड
+१ जाळी. कशीही करा पण जाळीच.

चिमीची_आई
मी जाळी लावत नाहीये. रोहिणीताई, बादलीची कल्पना छान आहे आणि ती वापरते आहे, पण वर जाळी नाही घालणार. आमच्याकडे जास्वंद आहे, तिच्यावर दिवसभर शिंजीर येतात, बुलबुलाचं घरटंही तिथेच होतं. चिमीसाठी सगळं आकाश बंद करायला माझं मन होत नाही.

ठरवलं ते असं. स्वयंपाकघराच्या दारापासून ६ फुटांपर्यंत बांबूचा मांडव, वर तट्ट्या. वरून बघणाऱ्याला खाली काय आहे ते दिसणारच नाही. बांबू, तट्ट्या, सुतळी आणि बादल्यांचं सिमेंट मिळून २१०० झाले. राहिलेल्या पैशांतून मधुमालतीची दोन रोपं आणि लांब पट्टा घेतला. मांडवाखाली चिमी मोकळी, मांडवाबाहेर पट्ट्यावर आणि मी सोबत. पिल्लं उडेपर्यंत हे असंच. मला सकाळी अर्धा तास लवकर उठावं लागेल, तेवढं करीन.

आजोबांकडे चिमीला घेऊनच गेले होते. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, पाठ बघितली आणि खूप हळहळले. कठडा बदलतो म्हणाले, पण घालायचं बंद करणार नाहीत. पत्नी गेल्यापासून ते रोज घालतात. मी पुढे काही बोलले नाही.

हर्षल_पाखरं
ताई, मी जाळीच म्हटलं असतं, कारण माणूस रोज लक्ष देईलच असं नाही, आणि एक दिवस फोन वाजतो. पण तुम्ही लक्ष देणाऱ्या दिसता. एक करा, मांडवाच्या कडेला कुंड्या लावून आडोसा करा. घार तिरकी येते, सरळ वरून नाही. कडेने वाट मिळाली की मांडवाखालीही हात मारेल.

चिमीची_आई
हे नव्हतं लक्षात आलं. जास्वंदीच्या कुंड्या तिकडेच सरकवते आज.

समा_सावली
मांडव पावसाळ्यापर्यंत ठेवणार असाल तर मोरीला लोखंडी जाळी नक्की लावा. ती भिंतीत नाही, जमिनीत बसते, मालक काही म्हणणार नाहीत.