विषय: सांगलीत आई-बाबांसाठी जुनी सेडान, खर्चाचा अंदाज हवाय

गावभागकर (स्लाऊ)

मंडळी, गणपतीच्या वर्गणीचे मेल चालू असताना मध्येच घुसतोय, राग मानू नका.

बाबा अजून गाडी व्यवस्थित चालवतात, पण त्यांची छोटी गाडी त्यांनी दोन वर्षांपूर्वी भाच्याला देऊन टाकली. आता आईच्या गुडघ्यांसाठी महिन्यातून दोनदा मिरजेला जावं लागतं, मधूनच नरसोबाची वाडी, आणि डिसेंबरात मी इंग्लंडहून गेलो की माझं हुंदडणं. वर्षाला पाच हजार किलोमीटरच्या वर काही जात नाही. तेवढ्यासाठी नव्या गाडीत दहा-बारा लाख घालायचं जिवावर येतं.

एजंटाने दोन दाखवल्यात. एक २०१४ची पेट्रोल, दीड लिटरचं इंजिन, रनिंग ७८ हजार, सव्वातीन लाख. दुसरी २०१५ची डिझेल, १.६ लिटर, रनिंग १ लाख ३० हजार, पावणेतीन लाख. डिझेलवाली अगदी नवरीसारखी दिसते आणि वर पन्नास हजारांनी स्वस्त. बाबांचा जीव तिच्यावर जडलाय. वर्षाला मेंटेनन्स किती धरू?

कुपवाडचा फिटर (कॉव्हेंट्री)

बाळ, इतक्या वर्षांची गाडी नवरीसारखी दिसत असेल तर कुणीतरी ती नुकतीच नटवलीय. का नटवली, ते आधी बघ.

वर्षाला पाच हजार किलोमीटरसाठी डिझेल घेणं म्हणजे पाव किलो भडंग आणायला ट्रक काढणं. हिशेबच मांडतो. पेट्रोलला १३चं अ‍ॅव्हरेज धर, म्हणजे साधारण ३८५ लिटर. डिझेलला १७ धर, २९५ लिटर. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरलं तर वर्षाला तेरा हजार वाचले. आता विमा. थर्ड पार्टीचा दर १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आहे, १५००च्या वर गेलास की ७,८९७. दीड लिटरच्या इंजिनाचे सीसी १५००च्या आतच बसवलेले असतात, १.६ला ते जमत नाही. साडेचार हजार तिथेच गेले. उरले आठ-साडेआठ. सव्वा लाखाच्या पुढे पळालेल्या डिझेलचा एक इंजेक्टर बदलायचा झाला तरी दोन वर्षांची ही बचत साफ. टर्बो आणि ड्युअल मास फ्लायव्हील या महागड्या पार्टांचं नाव मी जेवणाच्या वेळी काढत नाही.

पेट्रोलवाली घे, पण सव्वातीन लाख हा तिचा भाव समजू नकोस. पहिल्या वर्षाचे साठ हजार वेगळे धर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, टायर सहा-सात वर्षांचे झालेत म्हटल्यावर चारही बदलायचे, वीस-बावीस हजार. लोअर आर्म, बुश, लिंक रॉड, शॉकअप या सस्पेन्शनच्या पार्टांचा निकाल आपल्या रस्त्यांनी लावलेला असणारच, पंधरा-अठरा. बॅटरी पाच. सगळी तेलं, कूलंट, फिल्टर, ब्रेक पॅड मिळून आठ-दहा. एसीची कूलिंग कॉइल गळत असली तर अजून आठ-दहा, आणि ती एप्रिलमध्येच कळते. इंजिनात टायमिंगची चेन आहे की बेल्ट, तेही विचार. बेल्ट असेल आणि बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असं धरून चालायचं. तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन खोलावं लागतं. हे सगळं एकदा करून घेतलंस की पुढे वर्षाला वीस-पंचवीस हजारांत भागतं.

आरसी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०२९ला पुन्हा पासिंग. पाच वर्षांसाठी ५,००० रुपये फी आणि पर्यावरण कर वेगळा.

आणखी एक. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. २०१४च्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सीलं त्यासाठी बनवलेली नाहीत. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, त्यामुळे गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच नळ्या खातंय, तक्रार तरी कुणाकडे करायची!

मिरजेची सून (रेडिंग)

काकांचा हिशेब बरोबरच आहे, पण त्यात एक रकाना राहिला.

आम्हीही २०१८मध्ये सासऱ्यांसाठी अशीच गाडी घेतली होती. पैसे इथून पाठवले आणि मोकळे झालो. तीन वर्षांत ती सहा हजार किलोमीटर चालली. बाकी वेळ ताडपत्रीखाली. दोनदा बॅटरी गेली, उंदरांनी वायरिंग खाल्लं, एका पावसाळ्यात मागचे ब्रेक धरून बसले. प्रत्येक वेळी ७४ वर्षांचे मामंजी गॅरेजच्या प्लास्टिकच्या स्टुलावर सकाळी दहा ते दुपारी दोन. "पार्ट कोल्हापूरहून यायचाय" म्हटलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्ही इथे "सात हजारच लागले ना?" म्हणून खूश. शेवटी विकली.

आणि दादा, तुम्ही नदीकाठच्या गावभागातले ना? मग हे मी तुम्हाला सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टात पाणी ५७च्या वर गेलं, २०२१च्या जुलैत पुन्हा पूर. तुमच्या दोन्ही गाड्या या दोन पुरांच्या आधीच्या आहेत. त्या दिवसांत त्या कुठे उभ्या होत्या, विचारलंत का? डिझेलवाली पन्नास हजारांनी स्वस्त का, हे मला इथे बसूनही कळतंय.

गावभागकर (स्लाऊ)

ताई, खरं सांगतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या घरात तेव्हा कमरेएवढं पाणी होतं, तरीसुद्धा! इथे नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, सगळा इतिहास फुकटात दिसतो, त्याची सवय लागलीय. तिकडे असं काही बघता येतं का?

कुपवाडचा फिटर (कॉव्हेंट्री)

एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर मालक कितवा, कर्ज चढलंय का, विमा कधीपर्यंत, एवढं दिसतं. बुडाली होती का, हे त्यात नसतं. सर्व्हिसिंगची बिलं आणि विम्याच्या क्लेमचा कागद माग. नाही मिळाला तर चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचे. लोक सीट धुतात, कारपेट बदलतात, पण गुंडाळीत आत राहिलेला पट्टा धुवायचं कुणाला सुचत नाही. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघायचा. पुढच्या सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का ते बघायचं. आणि हे मिस्त्रीला करू दे. बाबा प्रेमात पडलेत, त्यांना दिसणार नाही.

गावभागकर (स्लाऊ)

रविवारी बाबा ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन गेले. मी व्हिडिओ कॉलवर.

डिझेलवालीचा मागचा पट्टा ओढला, तर शेवटची हातभर पट्टी चहात बुडवलेल्या खारीसारखी तपकिरी. स्टेपनीखाली बोटाने रेघ ओढता येईल इतका गाळ. एजंट म्हणतो, "धूळ हाय ओ ती, साहेब." नदीकाठच्या माणसाला गाळ आणि धूळ यातला फरक सांगायला निघाला होता. बाबा गप्प झाले. येताना म्हणाले, रंग मात्र छान होता.

पेट्रोलवाली कोरडी निघाली. चेनचं इंजिन आहे. टायरवर २२१६, एक लोअर आर्म गेलेला, एसी ठीक. ही यादी समोर ठेवल्यावर सव्वातीनचे दोन पंच्याऐंशी झाले. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यात. ताई, स्टुलाचंही बघितलं. मिस्त्रीचा पोरगा घरून गाडी नेणार आणि आणून सोडणार, खेपेला तीनशे रुपये जास्तीचे.

आता एकच अडलंय. जुलै-ऑगस्टात ही ठेवायची कुठे? बाबा म्हणतात, पाणी ३५ फुटांवर गेलं की बघू. मागच्या वेळीही असंच म्हणाले होते.

मिरजेची सून (रेडिंग)

आमच्या वाड्यात आणा. २०१९लाही तिथे पाणी आलं नव्हतं, आणि अंगण रिकामंच आहे. पाणी बघत बसू नका, जूनच्या शेवटीच आणून लावा. चावी मामंजींकडे द्या, दर दोन-चार दिवसांनी ते एक चक्कर मारून आणतील. आमची गाडी विकल्यापासून घरात बसून त्यांना करमत नाही. परवाच फोनवर विचारत होते, ते गॅरेज अजून तिथेच आहे का गं?