शब्दचर्चा : ‘संकरित’ला दुसरा शब्द आहे का?

पेठेतली मावशी :
माझी भाची नऊ वर्षांची. आई आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, बाप केनियातल्या किसुमूचा, लुओ समाजाचा. गेल्या वर्षापासून सगळे इथंच राहतात. परवा मामाच्या गोठ्यावर गेली होती. डॉक्टरांनी गाईच्या कार्डावर ‘जात : संकरित’ असं लिहिलं. हिनं अर्थ विचारला, मामानं सांगितला. रात्री माझ्याजवळ येऊन म्हणते, “मावशी, मग मीपण संकरितच की.”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. शाळेच्या फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात क्लार्कनं ‘मिक्स’ लिहून दिलं होतं, तेव्हाही असंच झालं होतं. अशा मुलांसाठी मराठीत धड शब्द आहे का?

व्याकरणवेडा :
‘संकर’ नकोच. सम् + कॄ, म्हणजे विखुरणं, मिसळणं. अमरकोशात तर झाडून काढलेल्या केरालाही संकर म्हटलंय. गीतेच्या पहिल्याच अध्यायात वर्णसंकर येतो, तोही घाबरलेल्या अर्जुनाच्या तोंडी. ही सगळी वळणं घेऊन तो शब्द आता ज्वारीला आणि गाईला चिकटलाय. तिथं त्याचा कुणाला त्रास नाही. उसाच्या चांगल्या जाती संकरातूनच आल्या. पण पोरीला तो लावायचा म्हणजे केरापासून सगळंच मागून येणार.

याच मुळातली एक गंमत सांगतो. अलंकारशास्त्रात दोन अलंकार एकत्र आले की त्याचे दोन प्रकार मानतात. दूधपाण्यासारखे मिसळले, वेगळे काढता येत नाहीत, तो संकर. तीळतांदळासारखे एकत्र असून वेगळे ओळखू येतात, ती संसृष्टी. ताई, तुमची भाची कुठल्या प्रकारातली?

पेठेतली मावशी :
दोन्ही, सर! केसांच्या बाबतीत तीळतांदूळ. माझी आई पहिल्या दिवशी बारीक दातांची फणी घेऊन बसली, तर दोन दात मोडले आणि पोरगी रडली. आता केस ओले असतानाच खोबरेल लावून बोटांनी सोडवतो, खालून वर, बट बट धरून. मग मोठ्या दातांचा कंगवा. आईला हे जावयानं शिकवलं. बोलणं मात्र दूधपाणी. शिव्या कुठल्या भाषेतल्या, ते कळायला वेळ लागतो.

नैरोबीत चार वर्षं :
‘अर्धी’ म्हणू नका एवढंच सांगतो. केनियात अशा मुलांना गमतीनं ‘पॉइंट फाइव्ह’ म्हणतात. स्वाहिलीतला ‘चोटारा’ त्याहून बोचरा. जपानीत ‘हाफू’, म्हणजे इंग्रजीतला हाफच. २०१५ साली आरियाना मियामोतो मिस युनिव्हर्स जपान झाली. वडील आफ्रिकन-अमेरिकन, त्यामुळं ‘ही पुरती जपानी नाही’ अशी टीका झाली. तिथले काही पालक मुद्दाम ‘दाबुरू’ म्हणतात, म्हणजे डबल. पण मराठीत ते कसं आणणार? आपल्याकडं अर्धा तो अर्धवट आणि दीड तो दीडशहाणा. दोन म्हणावं, तर दोन्ही घरचा पाहुणा उपाशी!

व्याकरणवेडा :
‘मिश्रवंशीय’ वर्तमानपत्रात चालतं. मिश्रविवाह हाही जुना शब्द. पण ‘वंश’ म्हटला की आपल्याला दिवा आठवतो, म्हणजे बापाची बाजू. राज्यघटनेतही (कलम ३६६) अँग्लो-इंडियनची व्याख्या पुरुषाकडच्या युरोपीय पूर्वजांवरून आहे. नुसती आई युरोपीय असून भागत नाही.

बावड्याचे नाना :
एवढा खल कशाला? आपल्याकडं पोराला ‘तू काय आहेस’ असं कोण विचारतं? ‘कुणाची गं तू’ असं विचारतात. गाव किसुमू, आजोळ कोल्हापूर. झालं. विशेषण लागतंय कुठं?

पेठेतली मावशी :
नाना, हे आवडलं. पण एक खडा टाकते. आजोळ म्हणजे सुट्टीत जायची जागा. ही तर इथंच वाढतेय, आणि ‘आजोळी वाढलेली’ म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. तिला किसुमूची आजीही हवी. दर रविवारी त्या आजीशी डोलुओत, म्हणजे लुओंच्या भाषेत बोलते. चार वाक्यं, पण बोलते.

नावाचं सांगायचं राहिलं. तिचं नाव अकिन्यी. लुओंमध्ये सकाळी जन्मलेल्या मुलीला ठेवतात. माझ्या आईला ते जमेना, तिनं ‘अक्का’ केलं. आता अक्का हा आपल्याकडं कानडीतून आलेला. म्हणजे नावातच लुओ, कानडी आणि मराठी!

काल दळण आणायला गिरणीवर पाठवलं होतं. तिथल्या मावशींनी नानांचाच प्रश्न विचारला, “कुणाची गं तू?” ही म्हणाली, “मी अकिन्यी. मी सकाळी झालो म्हणून.” (पेठेतल्या पोरींसारखं ‘झालो’च म्हणते.)

मावशींनी पीठ पिशवीत भरता भरता विचारलं, “किती वाजता?”