टाच की चवडा? पळणाऱ्यांनो, अनुभव लिहा

पाऊल आधी कुठे टेकतं, बूट कसले आणि दुखणं कुठे आलं, हे तिन्ही लिहा. नुसत्या 'गुडघा दुखतो'वरून काही कळत नाही. २०१२ साली हार्वर्डच्या क्रॉसकंट्री धावपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा टाचेवर उतरणाऱ्यांत सततच्या ताणाच्या दुखापती साधारण दुप्पट निघाल्या. तरी बूट घालून लांब पळणारे बहुतेक जण टाचेवरच उतरतात आणि त्यातले कितीतरी ठणठणीत असतात.

*

माझा गुडघा वाटीभोवती दुखायचा. फिजिओने बाजूने व्हिडिओ काढला. टाच गुडघ्याच्या बरीच पुढे पडत होती, पाय जवळजवळ सरळ. त्यांनी टाच सोडायला सांगितलीच नाही. वेग तोच ठेवून पावलं आखूड करायची आणि मिनिटाला पडणारी त्यांची संख्या ५ ते १० टक्के वाढवायची, एवढंच. बूटही तेच. आता उतारावरसुद्धा गुडघा बोलत नाही.

*

मी पातळ तळाचे, टाच-चवडा एका पातळीत असलेले बूट घेतले आणि चवड्यावर पळू लागले. गुडघा खरंच शांत झाला. पण पोटऱ्या दगडासारख्या झाल्या आणि सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावलं भिंत धरून टाकावी लागत. टाचेमागची शीर, अकिलीस, सुजली होती. भार नाहीसा होत नाही हो, तो गुडघ्यावरून पोटरीवर जातो! टाच चवड्यापेक्षा १० मिलिमीटर उंच असलेल्या बुटांनी आराम पडला. जोडीला पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश खाली-वर करणं चालू आहे.

*

टाचेवरच पळतो, गुबगुबीत बूट, कित्येक वर्षं काही नाही. बदलणार नाही.

*

वरच्या ताईंसारखाच बदल मीही केला, पण माझं दुखणं पावलाच्या वरच्या बाजूला आलं. बोटाने दाबलं की एकाच ठिकाणी कळ. एक्स-रे स्वच्छ, एमआरआयमध्ये चवड्याच्या हाडाला बारीक चीर दिसली. असं हाडावर एका बिंदूत दुखलं तर पळणं त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टर गाठा, कळकळीने सांगतो. नवे बूट आधी चालायला वापरा, मग पळण्याच्या शेवटी थोडा वेळ. पोटरी महिन्यांत तयार होते, हाडाला त्याहून सवड लागते.

*

नडगीच्या आतल्या कडेला दुखणाऱ्या कुणी बूट बदलून पाहिलेत का? माझं दुखणं पसरट आहे, एका बिंदूत नाही.