नर्सिंग असिस्टंटचे प्रशिक्षण आणि विज्ञानाचे विषय एकाच सत्रात जमतील का?

प्रश्न: मी अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात शिकते. नर्सिंगच्या प्रवेशाआधी शरीररचनाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र पूर्ण करायचे आहे. त्याच सत्रात नर्सिंग असिस्टंटचे (परिचारिकांच्या हाताखाली रुग्णांची रोजची काळजी घेणाऱ्या मदतनीसाचे) प्रशिक्षणही घ्यावे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १: ताई, केंद्रीय नियमानुसार हे प्रशिक्षण किमान ७५ तासांचे असते, काही राज्यांत त्याहून बरेच अधिक. ते उन्हाळी सुट्टीत पूर्ण करावे, कारण शरीररचनाशास्त्राला प्रयोगशाळेचेही तास असतात आणि हाडे-स्नायूंची नावे रोज घोकल्याशिवाय गत्यंतर नसते.

उत्तर २: सहमत आहे. मात्र प्रमाणपत्र मिळाल्यावर शनिवार-रविवारच्या पाळ्या अवश्य कराव्यात; अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कुशीवर वळवताना माकडहाडावरची लालसर त्वचा, म्हणजे सतत दाबामुळे होणाऱ्या जखमेची सुरुवात, दिसली, की पुस्तकातला त्वचेचा धडा खऱ्या अर्थाने समजतो.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. सूक्ष्मजीवशास्त्र पुढच्या सत्रात घेईन.